वास येत नाही, असे रुग्ण सांगतो

बत्तीस वर्षं मी लोकांच्या नाकात डोकावते आहे. याचा एक दुष्परिणाम असा की माणसं मला चेहऱ्याने आठवत नाहीत. लग्नाच्या मांडवात कुणीतरी हसत समोर येतं, "ओळखलं का?" विचारतं, आणि मी कोरी. मग ती व्यक्ती हसताना मान जरा मागे टाकते आणि मला लख्ख आठवतं, हा तर डावीकडचा वाकडा पडदा!

या अंकाच्या संपादकांनी मला 'सर्दीपासून बचाव' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. सर्दीपासून बचाव होत नाही. तो विषय इथे संपला. उरलेल्या पानांत मी भानुदास आणि सरूबाई या नवरा-बायकोची हकीकत सांगणार आहे. नावं बदलली आहेत. परवानगी दोघांचीही घेतली आहे, पण वेगवेगळी आणि एकमेकांना न कळू देता. असं का, ते कळेलच.

भानुदास घोडेगावच्या बाजारातले म्हशींचे व्यापारी. साठीच्या आसपासचे, अंगाने आडवे, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर टॉवेल. सावेडीतल्या माझ्या दवाखान्यात ते आले तेव्हा त्यांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा चांगलं अर्धं बोट खाली उतरलेला होता, पापणी सुजून लाल झाली होती आणि अंगात ताप होता. सोबत बायको, सरूबाई. काटक बाई, मांडीवर कागदपत्रांची पिशवी.

"म्याडम, डोळ्याच्या डॉक्टरनं मला नाकाच्या डॉक्टरकडं धाडलं," ते बसता बसता म्हणाले. "आता तुमी कानाच्याकडं धाडू नका."

"कानाची डॉक्टर पण मीच आहे. त्रास काय होतो?"

"गिऱ्हाईकाला वाटतं, मी डोळा मारतोय."

मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते.

"हसू नका म्याडम. मी सांगतो, म्हैस गरीब हाय, दोन्ही टायमाला दूध देती, लाथ मारीत न्हाई. अन् त्याच टायमाला माझा डोळा हा असा. गिऱ्हाईक म्हनतं, ह्यानं त्याच्या मानसाला डोळा मारला, म्हंजी म्हैस लाथ मारती. निघून जातंय."

"लाथ मारती का?" मी विचारलं.

"एखादी मारती," सरूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

डोळ्याआधी कपाळ दुखायचं. कित्येक वर्षं. सकाळी ऊन चढेल तसं भुवईवर घण पडायचे आणि दुपार कलली की थांबायचे. सूर्यच आपल्यावर डूख धरून आहे अशी त्यांची समजूत. म्हशीची कास बघायला खाली वाकलं की डोकं फुटायची पाळी, म्हणून गेल्या वर्षापासून ते न वाकताच कास बघत होते. व्यापारात हे फार वाईट.

"आणि वास? वास येतो का?"

"तो गेला त्याला झाली की सात-आठ वर्सं. म्हशीच्या बाजारात नसला तरी काय बिघडत न्हाई."

हे बोलणं चालू असताना सरूबाईंनी पिशवीचे बंद सोडले, परत बांधले, परत सोडले. मी ते पाहिलं. अर्थ लावला नाही.

आता थोडं शास्त्र. आपल्या भुवयांच्या मागे कपाळाच्या हाडात दोन पोकळ्या असतात. निसर्गाने त्या कशासाठी केल्या, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. त्या पोकळ्यांत सतत थोडा शेंबूड तयार होतो आणि एका अरुंद वाटेने खाली नाकात उतरतो. दोन नरसाळी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून धरली तर मध्ये जी चिंचोळी जागा होईल, तशी ती वाट. ती बुजली की वर तुंबतं. भानुदासांच्या नाकात सोललेल्या द्राक्षांसारखं मांस वाढलं होतं. त्याने वास गेला आणि ती वाटही बुजली. पण शेंबूड तयार होणं काही थांबत नाही. वर्षानुवर्षं तो साठत गेला, त्याची पिशवी फुगत गेली आणि तिने आजूबाजूचं हाड झिजवलं. खालचं हाड झिजल्यावर तिने डोळा खाली ढकलला. स्कॅनमध्ये बघितलं तर मागचं हाडही एका ठिकाणी दिसत नव्हतं. मागच्या बाजूला मेंदू असतो. आणि आता त्या पिशवीत पू झाला होता.

माझ्या शिक्षणाच्या काळात अशा वेळी भुवईला काप देऊन वरून शिरत. मीही तसं केलं आहे. त्या पेशंटांपैकी एक मुलगी अजून आठवते. आजार बरा झाला, पण त्यानंतर ती जेव्हा जेव्हा तपासायला आली तेव्हा केस कपाळावर ओढून आली. आता आम्ही नाकातून जातो. पेन्सिलीएवढी जाड दुर्बीण, तिच्या टोकाशी तिरकी काच. नाकपुडीतून आत घालायची आणि कोपऱ्यावरून वर बघायचं. बघायचं म्हणजे समोरच्या टीव्हीवर. हात एकीकडे, डोळे दुसरीकडे. आरशात बघत गल्लीतून रिक्षा मागे घेण्यासारखं काम आहे, फक्त गल्लीच्या एका भिंतीपलीकडे डोळा आणि दुसरीपलीकडे मेंदू.

घाबरणाऱ्याने हे काम करू नये. न घाबरणाऱ्याने तर मुळीच करू नये. सुरुवातीच्या काळात कोपरगावच्या एका शिक्षकांचं ऑपरेशन करताना मी घाबरून ती वाट हवी तेवढी मोठी केली नाही. सहा महिन्यांत ती मिटली. त्यांना पुन्हा दुसरीकडे ऑपरेशन करून घ्यावं लागलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तर मी भानुदासांना सगळं समजावलं. डोळ्याला धोका, मेंदूला धोका, आणि ऑपरेशन न करण्यात त्याहून मोठा धोका. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घातला.

"हात द्या म्याडम."

"कशाला?"

"आमच्यात खरा आकडा तोंडानं सांगत न्हाईत. तोंडानं मानूस कायबी बोलतंय. धोका किती, ते बोटानं सांगा."

गुरांच्या बाजारात भाव कपड्याखाली बोटं दाबून ठरतो, हे मी ऐकून होते. आपल्यावर ती वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या रूथ सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. तीस वर्षं माझ्यासोबत आहेत, पण मला पेशंटचा हात टॉवेलखाली धरून बसलेलं त्या प्रथमच बघत होत्या. मी थोडा विचार केला आणि भानुदासांच्या हातात माझ्या करंगळीचं टोक दिलं.

त्यांनी ते चाचपलं. "एवढाच?"

"एवढाच. पण आहे."

"आहे तर आहे," ते म्हणाले. त्यांनी टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि सही केली.

भानुदास रक्त तपासायला गेले तशा सरूबाई पिशवी घ्यायच्या निमित्ताने मागे राहिल्या. दार लोटून घेतलं.

"ताई, एक इनंती हाय. डोळा नीट करा. डोस्कं नीट करा. पन वास... न्हाई आला तरी चालंल."

"असं कसं? मांस काढलं की कदाचित वास येईलही परत. चांगलंच आहे ना?"

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आमी घरात सुकट करतो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सासरे वारले तेव्हा भानुदासांनी माळ घातली, त्याला अकरा वर्षं झाली. घरातलं मटण-मासळी बंद झालं. कुणाला विचारलं वगैरे नाही. तीन-चार वर्षं सरूबाई आणि सूनबाई गप्प राहिल्या. मग एकदा चुलीवर दूध पार करपून काळं झालं आणि शेजारी बसलेले भानुदास पेपर वाचत राहिले. तेव्हा त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"आधी ते बाजारला गेले की करायचो. मंग धीर चेपला. आता ते वट्यावर बसल्यात अन् आमी आत भाजतोय. पन ताई, तवा येगळा हाय. भांडी येगळी. त्यांच्या माळंला मी कंदी बट्टा लागू दिला न्हाई, देवाशपथ."

"सरूबाई, मी वास येऊ नये म्हणून ऑपरेशन नाही करू शकत."

"तसं न्हाई वो. फक्त लई जोर लावू नका त्या बाजूला."

ऑपरेशन दोन दिवसांनी सकाळी केलं. आधी वाढलेलं मांस काढलं. मग वर चढत हाडाचे पातळ पापुद्रे एकेक करून सोडवले, अंड्याचं टरफल सोलावं तसे. प्रत्येक पापुद्रा मेंदूपासून दूर, आपल्याकडे ओढायचा, उलटा कधीच नाही. तासाभराने पिशवीचा तळ दिसला, निळसर, ताणलेला. मी हत्याराचं टोक लावलं आणि आतून घट्ट, पिवळी-तपकिरी काकवी उतरू लागली. वास असा की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मास्कवर मास्क चढवला. खोलीत त्या घडीला वास येत नसलेला एकच माणूस होता आणि तो झोपला होता.

पिशवी रिकामी झाली. तिरकी दुर्बीण वर घालून मी आत बघितलं. मागच्या भिंतीवर, हाड नव्हतं त्या जागी, पिशवीचं अस्तर चकाकत होतं.

"मॅडम," रूथ सिस्टर म्हणाल्या, "ते हलतंय."

हलत होतं खरं. लयीत, बारीक. भानुदासांच्या नाडीबरोबर. अस्तराच्या पलीकडे थेट मेंदूचं आवरण होतं. त्यावर थोडा पू चिकटलेला दिसत होता आणि माझ्या हातात चिमटा होता. सर्जनचा हात स्वच्छतेला हपापलेला असतो. तो पुवाचा तुकडा मला बोलावत होता. काढला आणि अस्तर फाटलं, तर मेंदूचं पाणी नाकात. मला टॉवेलखाली दिलेली करंगळी आठवली. मी चिमटा सिस्टरांच्या हातात परत दिला आणि नुसतं मिठाच्या पाण्याने हळू धुतलं. तुकडा आपोआप सुटून वाहून गेला. मग भुलीच्या डॉक्टरांना छातीतला दाब वाढवायला सांगितलं आणि आम्ही तिघं टीव्हीकडे बघत थांबलो. त्या जागेतून पाण्याचा थेंब येतो का, ते बघायचं होतं. आला नाही. भिंत आपली धडधडत राहिली. वाट मी या वेळी ऐसपैस केली. कोपरगावचे गुरुजी दुर्बिणीतून आत डोकावून गेले असते एवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदासांनी आरसा मागवला. सूज होतीच, पण डोळा निम्म्याहून अधिक वर आला होता. त्यांनी आरशात बघत डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"आता मारायचा झाला तर मुद्दाम मारावा लागंल," ते म्हणाले. मग आरसा खाली ठेवला. डोकं दुखत नव्हतं. दहा वाजले, अकरा वाजले, ऊन चढलं. ते खिडकीतून सूर्याकडे संशयाने बघत होते. बारा वाजता त्यांनी टॉवेलाने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "डोळ्यातून पानी येतंय, ते बरोबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

महिन्याने ते दाखवायला आले तेव्हा डोळा जागेवर होता. वासाची परीक्षा घेतली. माझ्याकडे लहान बाटल्या असतात: कॉफी, लवंग, हिंग. सगळ्यांना "न्हाई". सरूबाई एवढ्या खूश की त्यांनी पिशवीतून मला चार लिंबं काढून दिली.

तीन महिन्यांनी पुन्हा आले. आत सगळं स्वच्छ, वाट उघडी, वास ओळखणारी जागाही मोकळी. मला खात्री होती की आता वास यायला हवा. कॉफी? "न्हाई." लवंग? "न्हाई." हिंग? हिंगाच्या बाटलीला त्यांची नाकपुडी किंचित थरारली, पण चेहरा दगडासारखा. "न्हाई म्याडम. गेला तो गेला."

म्हशीच्या व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईल हा भ्रम मला नव्हता. पण आमच्या धंद्यालाही एक डाव माहीत आहे. मी चौथी बाटली काढली. तिच्यात अमोनिया होता. गंमत अशी की अमोनिया वासाच्या नसेला कळतोच, पण तो झोंबतो तो वेगळ्याच नसेला, मिरचीची धग कळते त्या. त्यामुळे ज्याचा वास खरोखर गेलाय, तोही अमोनिया नाकाशी धरल्यावर मान मागे घेतो आणि म्हणतो, "हे झोंबतंय बुवा." फक्त खोटं बोलणारा माणूसच म्हणतो की काहीच झालं नाही.

मी बाटली नाकाशी धरली. भानुदासांचे डोळे भरले. कपाळावर घाम आला.

"काय... न्हाई," ते म्हणाले.

"सिस्टर," मी हाक मारली, "सरूबाईंचं जरा बीपी बघा. बाहेर."

दार बंद झाल्यावर मी विचारलं, "केव्हापासून येतोय?"

त्यांनी नाक पुसलं. बराच वेळ टॉवेलाच्या घड्या घातल्या.

"दीड म्हैना झाला. वट्यावर बसलो हुतो. येकदम वास आला. सुकटीचा. मला वाटलं डोस्क्यात बिघाड झाला, तुमी आत कायतरी चुकीची वायर जोडली. पन वास खरा हुता. मंग डोकंच फिरलं म्याडम. माळकऱ्याच्या घरात! उठलो, तरातरा गेलो. दाराशी पोचलो तर आत दोगी, ही अन् सून, ताटाला ताट लावून खात हुत्या अन् हसत हुत्या. काय झालं हुतं कुनास ठाव, पन असं पोट धरून हसत हुत्या. हिला मी अशी हसताना..." त्यांनी टॉवेलाची घडी मोडली. "मी आत आलो की त्या गप हुत्यात. ते मला तवा कळलं. मागं आलो अन् वट्यावर बसलो."

"आणि?"

"अन् काय. वास घेतला." त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "म्याडम, मला लई आवडायची सुकट. खात न्हाई मी. तोंडाला लावनार बी न्हाई. पन नुसता वास घेतला तर माळ बाटती का?"

"माझ्या पुस्तकात याचं उत्तर नाही."

"मंग येक करा. कागदावर लिवा, वास न्हाई. हिनं इचारलं तर दावता येईल."

"खोटं मी लिहिणार नाही."

"तुमी सुद्धा आडून बसल्या तर कसं व्हायचं!"

मी पेन उचललं आणि केसपेपरवर लिहिलं: 'वास येत नाही, असे रुग्ण सांगतो.' त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्याडम," ते आदराने म्हणाले, "तुमी म्हशी इकायला पायजे हुतं."

सरूबाई आत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी केसपेपर पुढे केला. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं, मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "असू द्या. डोळा तरी आला." भानुदासांनी मोठा उसासा टाकला. इतका चांगला उसासा मी नाट्यगृहातही ऐकलेला नाही.

त्यानंतर वर्षभराने सरूबाई एकट्या आल्या. कान बंद झाला होता. मी मळ काढत होते. त्या मान तिरकी ठेवून समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखं बोलल्या.

"ताई, त्यांला वास येतोय."

माझा हात थांबला. "ते म्हणाले का तसं?"

"ते कशाला म्हनत्यात. रोज ते वट्यावर बसत्यात. पन सुकट तव्यावर पडली की चार मिंटात उठून मधल्या घरात येत्यात. पेपर घिऊन. चुलीच्या भिताडाला टेकून बसत्यात. पेपराचं पान उलटत न्हाईत. आमचं आवरलं की पुन्हा वट्यावर."

"मग तुम्ही त्यांना विचारलं नाही?"

"इचारलं तर त्यांला 'व्हय' म्हनावं लागंल. व्हय म्हनलं की मला बंद करावं लागंल." त्यांनी मान सरळ केली. "आता मी आठवड्यातनं दोनदा करते. आमी दोगीच खानाऱ्या, आमाला कुठं एवढी लागती?"